भूगावात घर बांधतोय: एसीशिवाय मे महिना निघेल का?

मेघना_प, ९ मार्च
नमस्कार मंडळी. भूगावात दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे, दिवाळीनंतर बांधकाम सुरू करायचंय. खाली आई-बाबा, वर आम्ही दोघं आणि लेक. गेली नऊ वर्षं वारज्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतोय. एप्रिल-मेत रात्री एक वाजेपर्यंत घरात कोणाचा डोळा लागत नाही. पंखा गरम हवाच फिरवतो. बाबांचे सांधे एसीत आखडतात, त्यामुळे तोही उपाय नाही. म्हणून ठरवलंय की नवं घर असं हवं, जे उन्हाळ्यातही पंख्यावर निभेल आणि विजेला कमीत कमी हात लावेल.

आर्किटेक्टनी पहिला आराखडा दिलाय. समोर डोंगर दिसतो म्हणून हॉल पश्चिमेला आणि त्याला दहा फुटी सरकती काच. "डबल ग्लास घालू, एसीचे पॉइंट काढून ठेवू, काळजी नको" असं म्हणतात. मला मात्र काळजी वाटतेय. भिंत कशाची करावी, छतावर काय घालावं आणि ती काच ठेवावी का? ज्यांनी बांधलंय किंवा अशा घरात राहिलेत, त्यांचे अनुभव हवेत. जाहिराती कृपया नकोत.

गारवेल, ९ मार्च
पश्चिमेला दहा फूट काच? आजच नाही म्हणून सांगा. बाकीचं सवडीने लिहिते.

तिसरामजला, ९ मार्च
मेघनाताई, वारज्यातला तुमचा उन्हाळा मी कोथरूडला जगलोय. आमची जुनी तीन मजली सोसायटी, आम्ही वरती. एका एप्रिलात कंटाळून साधा थर्मामीटर आणला, हॉलच्या छताला चिकटपट्टीने लावला आणि वहीत नोंदी करायला लागलो. दुपारी तीनला बाहेर ३९, छत ३७. रात्री नऊला बाहेर २९ आणि छत ४१! बाहेर गार वारा सुटलेला आणि आमच्या डोक्यावर तवा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि आपण जेवायला बसलो की ते खाली सोडतो. रात्री एकपर्यंत झोप न येण्याचं कारण तेच.

मग सोसायटीच्या परवानगीने गच्ची घासून धुतली आणि चुन्यात पांढरा डिंक मिसळून दोन हात मारले. नवव्या दिवशी, साधारण तशाच उन्हात, रात्री नऊला छत ३६. पाच अंश. खर्च दोन हजारांच्या आत. पावसात चुना धुपतो, म्हणून दर मार्चला पुन्हा लावायचा. पुढे गळतीचं काम निघालं तेव्हा सगळ्यांनी मिळून पांढरा चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) करून घेतला, तेव्हापासून ते कामही संपलं. तुम्ही नव्याने बांधताय, तर छतापासून सुरुवात करा. भिंतींची चर्चा नंतर.

अपर्णा_वाघोली, ९ मार्च
वही पाहायला आवडेल! पण गच्चीवर चुना लावायला सोसायटी हो म्हणाली हेच मोठं. आमच्याकडे हाच विषय तीन उन्हाळे सर्वसाधारण सभेत आहे.

राईन_काठी, १० मार्च
मी मूळचा एरंडवण्याचा, सध्या जर्मनीत. इथे ज्याला पॅसिव्ह हाउस म्हणतात तशा इमारतीत चार वर्षं राहतोय. पहिली अशी घरं १९९१ साली डार्मश्टाटला उभी राहिली. नियम कडक आहेत. वर्षभरात घर गरम ठेवायला दर चौरस मीटरला १५ युनिटपेक्षा जास्त ऊर्जा लागता कामा नये. भिंतीत जाड इन्सुलेशन आणि तिहेरी काच असते. फटी इतक्या कमी की चाचणीत ५० पास्कल दाबाला तासाला घरातली जेमतेम ०.६ पट हवाच बाहेर जाऊ शकते. ताजी हवा यंत्रातून येते आणि जाणारी हवा आपली ऊब येणाऱ्या हवेला देऊन जाते. बाहेर उणे आठ असताना आम्ही घरात अर्ध्या बाहीच्या शर्टात असतो. भारतात हे का करत नाहीत?

सिव्हिल_सुहास, १० मार्च
कारण आपला प्रश्न वेगळा आहे, दादा. तुमच्याकडे आत २० आणि बाहेर उणे १०, म्हणजे भिंतीच्या दोन बाजूंत तीस अंशांचा फरक, तोही महिनोन्महिने. पुण्यात मेच्या दुपारी बाहेर ३९, आत ३० चालतं. नऊ-दहा अंशांचा फरक, तोही पाच-सहा तास. आणि रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार! एवढी फुकटची गार हवा दाराशी असताना घर डब्यासारखं बंद करून यंत्राने हवा खेळवणं मला पटत नाही. आपला खरा शत्रू ऊन आहे. काचेतून थेट आत येणारं आणि छतातून झिरपणारं.

केंद्राचा घरांसाठीचा ऊर्जा नियम आहे, इको निवास संहिता, २०१८. त्यातही भर यावरच आहे. भिंती आणि खिडक्यांमधून आत शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॉटच्या आत हवी, आणि छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आरपार जाते त्याचा आकडा, १.२ च्या आत. उघड्या सहा इंची स्लॅबचा आकडा याच्या जवळपास तिप्पट भरतो. म्हणजे @तिसरामजला यांच्या वहीत जे आहे तेच.

मेघनाताई, आता उन्हाचं गणित. पुणे साडेअठरा अक्षांशावर. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा दिलात तर मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत भर दुपारचं ऊन काचेला लागत नाही. डिसेंबरात सूर्य दुपारी ४८ अंशांवर असतो, तेव्हा छज्ज्याची सावली सव्वादोन फूट पडते आणि त्याखालून कोवळं ऊन आत येतं. आई-बाबांना तेच हवं असतं. म्हणजे दक्षिण सोपी आहे. पश्चिम नाही. एप्रिलात संध्याकाळी साडेपाचला सूर्य जेमतेम १८ अंशांवर असतो. तोच दोन फुटी छज्जा तेव्हा फक्त आठ इंच सावली देतो. छज्जा सहा फूट केलात तरी दोन फूट. आणि डबल ग्लासबद्दल म्हणाल, तर साधी दुहेरी काच ऊन बऱ्यापैकी आतच सोडते. एकदा आत आलं की पडदा लावून उपयोग नाही, पडदा तापतो आणि खोली तापवतो. सावली काचेच्या बाहेर हवी.

राईन_काठी, १० मार्च
हे मान्य. इथेही खिडक्यांना बाहेरून खाली येणारी झडप असते, रोलाडेन म्हणतात. उन्हाळ्यात सकाळी नऊलाच सगळे शेजारी ती खाली ओढतात. मी पहिल्या वर्षी ओढली नाही आणि घर तापलं की दोन दिवस निवेना, कारण आलेली उष्णता तितक्याच हट्टाने आत राहते. छताचं इन्सुलेशन आणि बाहेरची झडप, एवढं तरी इथून घ्या.

कसबेकर, ११ मार्च
माझं वय ७४. बालपण कसब्यातल्या वाड्यात गेलं. खालचा मजला दगडी, वर वीट आणि लाकूड, पांढऱ्या मातीची हातभर जाड भिंत आणि मधे चौक. पंखा घरात एकच होता, तोही आजोबांच्या खोलीत.

उन्हाळ्यात आजीचा दिनक्रम ठरलेला. सकाळची भाकरी झाली की रस्त्याकडची दारं-खिडक्या ओढून घ्यायची, चौकाकडची अर्धी ठेवायची. दुपारभर घरात मिणमिणता उजेड, पण जमिनीला पाठ लावली की थंडगार. संध्याकाळी सहाला चौकात पाण्याचा सडा आणि मग एकेक दार उघडत जायची. आधी चौकाची, मग माडीवरची आणि शेवटी रस्त्याकडची. तिचा क्रम चुकला असं आठवत नाही. रात्री सगळं सताड उघडं. पहाटे आम्हाला गोधडी लागायची.

वाड्याच्या जाड भिंती सगळे सांगतात. भिंत नुसती उभी राहून काही करत नाही. ती रात्री गार करून घ्यावी लागते, म्हणजे दिवसा आपल्याला गार ठेवते. ते काम आजी करत होती.

अपर्णा_वाघोली, ११ मार्च
कसबेकर काका, फार सुंदर लिहिलंत. पण शेवटच्या वाक्यावर अडले. ते काम आजी करत होती! दिवसातून दोनदा पंधरा खिडक्या उघड-बंद करायला आता घरात कोण असतं? आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो, परत येतो ते रात्री साडेआठला. बरं, वाघोलीत रात्री खिडकी उघडली की चहूबाजूंच्या बांधकामांची धूळ, ट्रकचे हॉर्न आणि डास. मागच्या वर्षी डेंग्यूने मुलगा आठ दिवस दवाखान्यात होता. त्यानंतर मी सरळ बेडरूमला एसी बसवला आणि खिडकी बंद केली. मला त्याचा पश्चात्ताप नाही. उघड्या खिडकीचं घर ज्याला जमतं त्याने जरूर करावं, पण तीच एक वाट आहे असं नको.

गारवेल, ११ मार्च
अपर्णा, अगदी खरं. म्हणून जिथे माणसाचा हात लागणार नाही तिथे घरानेच काम करावं अशी सोय हवी. आमच्या बावधनच्या घरात प्रत्येक खोलीत, लिंटलच्या (खिडकीवरच्या तुळईच्या) वर छताला लागून, दीड फुटी झरोका आहे. बाहेर तिरक्या पट्ट्या, आत बारीक स्टीलची जाळी. बाराही महिने उघडा. पाऊस येत नाही, चोर येत नाही, डास येत नाही. आणि जिन्याच्या माथ्यावर एक एक्झॉस्ट फॅन आहे टायमर लावून, रात्री साडेनऊ ते पहाटे पाच. तो वरून गरम हवा ओढतो आणि झरोक्यांतून गार हवा आत येते. आम्ही घरी असो वा नसो.

पश्चिमेबद्दल लिहायचं राहिलं होतं. पुण्यातली गोम अशी की जिथून सगळ्यात वाईट ऊन येतं, तिथूनच सगळ्यात चांगला वारा येतो. एप्रिल-मेत संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, भूगावला तर घाट जवळ, तुम्हाला आमच्याहून जास्त मिळेल. भिंत बंद केली तर वारा गेला, काच लावली तर ऊन आलं. आम्ही पश्चिमेला सात फुटी पडवी काढली, कौलांची, आणि तिच्या बाहेरच्या कडेला बांबूचे चिक सोडले. चारला चिक खाली, सूर्य मावळला की वर. वारा चिकाच्या फटींतूनही येतो. शेजारी मधुमालती चढवली आहे, तिसऱ्या वर्षी तिने दक्षिणेकडचा कोपरा पूर्ण झाकला, आता तिथे चिक लागतच नाही.

मेघना_प, ११ मार्च
गारवेल, हे वाक्य मी लिहून आर्किटेक्टना पाठवलंय. जिथून वाईट ऊन, तिथूनच चांगला वारा. पण पडवी साईड मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या बाजूने मोकळ्या सोडायच्या जागेत, चालते का?

सिव्हिल_सुहास, ११ मार्च
छप्पर असलेली पडवी मार्जिनमध्ये धरू नका, बांधकामाच्या रेषेच्या आतच बसवा. खोली थोडी लहान होईल. नकाशा मंजूर करायच्या आधीच हे ठरवा.

चिंचवडचा_चिन्मय, १२ मार्च
पावसाळ्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. माझा अनुभव लिहितो, वाईट आहे. पाच वर्षांपूर्वी रो-हाउसचं नूतनीकरण केलं. कॉन्ट्रॅक्टरने जुने व्हेंटिलेटर बुजवले, "धूळ येते, हवेत कशाला" म्हणाला. सगळीकडे घट्ट बसणाऱ्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) सरकत्या खिडक्या. उन्हाळा बरा गेला. जुलैत कपाट उघडलं तर बायकोच्या पैठणीवर पांढरी बुरशी. बाथरूमच्या पाठच्या भिंतीला काळे ठिपके, आणि मुलाला खोकला सुरू झाला तो गणपतीपर्यंत. कपडे घरात वाळत घालायचे, स्वयंपाकाची वाफ, चार माणसांचा श्वास, ती वाफ जाणार कुठे? शेवटी बुजवलेले व्हेंटिलेटर फोडून परत काढले. दोनदा पैसे गेले. मेघनाताई, घर उन्हाळ्यापुरतं आखू नका, चार महिने पाऊसही असतो.

शिवाय सरकती खिडकी कितीही मोठी घ्या, उघडते अर्धीच. दारासारखी उघडणारी घ्या.

वीजमोजणी, १२ मार्च
घर थंड कसं ठेवायचं यावर बरंच झालं, मी मीटरबद्दल लिहितो. लोक पॅनलपासून सुरुवात करतात, मी म्हणतो आधी गळती बंद करा. जुना पंखा ७५ वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. पाच पंखे रोज बारा तास चालले तर दिवसाला अडीच-पावणेतीन युनिट वाचतात. दोन हजार वॉटचा गीझर चार जणांच्या आंघोळीला रोज दोन युनिट सहज खातो, त्यापेक्षा गच्चीवर सौर बंब. पुण्यात थंडीत आकाश मोकळं असतं, त्यामुळे ज्या दिवसांत गरम पाणी हवं त्याच दिवसांत तो उत्तम चालतो.

एवढं केल्यावर एसीशिवायचं घर महिन्याला दीडशे युनिटमध्ये बसतं. मग २ किलोवॉटचे पॅनल पुरतात. किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा. केंद्राच्या सूर्यघर योजनेत २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. महावितरणचं नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं) लागतं. आणि एक जोड-फायदा: पॅनल गच्चीपासून सात-आठ फूट उंच घेतलेत तर खाली सावली मिळते, कपडे-पापड वाळवायलाही जागा राहते.

आता @अपर्णा_वाघोली यांच्या बाजूने. एसीला पाप समजू नका. चांगली सावली आणि चांगलं छत असलेल्या खोलीत एसी २६-२७ वर, सोबत पंखा, असा वीस-पंचवीस रात्री चालला तर काही बिघडत नाही. वर तापलेला स्लॅब असेल तर मात्र तोच एसी रात्रभर धापा टाकतो.

डॉक्टरीण, १२ मार्च
सहमत, आणि जरा जोर देऊन सांगते. घरात सत्तरीची माणसं आहेत, त्यांच्या खोलीत एसीची वायरिंग काढूनच ठेवा. म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही, घाम कमी येतो, आणि उन्हाचा त्रास घरात बसूनही होतो. एखादी लाट तीन-चार दिवस रात्रीही उतरत नाही, त्या रात्रींसाठी सोय हवी. सांधे दुखत असतील तर झोत अंगावर येणार नाही अशा भिंतीवर बसवा.

राईन_काठी, १२ मार्च
कूलरचं काय? लहानपणी आमच्याकडे वाळ्याचा पडदा होता, पाणी मारलं की काय वास यायचा.

कसबेकर, १२ मार्च
वाळ्याचे पडदे आमच्याकडेही होते. मंडईतून मोळी आणून आई स्वतः विणायची. पाणी मारायचं काम आम्हा मुलांचं, त्यावरून भांडणं, कारण पाणी मारणारा भिजायचा. माठही त्याच खिडकीत, म्हणजे वारा वाळ्यातून माठावर यायचा.

सिव्हिल_सुहास, १२ मार्च
मार्च ते मेच्या मध्यापर्यंत हवा कोरडी असते तोवर कूलर आणि वाळा दोन्ही छान. वळवाचे ढग जमायला लागले की हवेत ओल येते, मग कूलर नुसता चिकचिकाट करतो. पावसाळ्यात तर आवराच.

भिंतीचं उत्तर द्यायचं राहिलं. पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या), किंवा विटेचीच हवी असेल तर रॅट-ट्रॅप बाँड, म्हणजे विटा उभ्या कडेवर लावून मधे पोकळी ठेवायची. वास्तुविशारद लॉरी बेकरांनी केरळात ही पद्धत रुजवली. विटाही साधारण पाव हिश्शाने कमी लागतात, पण गवंडी शिकलेला हवा, नाहीतर पोकळीत मसाला पडून सगळं फुकट जातं. आतल्या भिंती मात्र पक्क्या विटेच्या आणि फरशी शहाबादी किंवा कोटा. म्हणजे रात्रीचा गारवा साठवायला वजन आतल्या बाजूला राहतं, काकांच्या वाड्यासारखं. साधी नऊ इंची वीट पश्चिमेला लावलीत तर संध्याकाळचं ऊन सहा-सात तासांनी, ऐन झोपेच्या वेळी, आत पोचेल.

छत: स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, दोन इंच एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या फोमची) शीट, कोबा, वर पांढरा मोझॅक. इन्सुलेशन खालून फॉल्स सीलिंगमध्ये लपवू नका. स्लॅब स्वतः तापतच राहतो, आणि रात्री गार व्हायचा त्याचा उपयोगही जातो.

शेजारधर्म, १३ मार्च
धागा वाचून आत्ता गच्चीवर जाऊन आलो. हात टेकवत नाही. उद्या चुना आणतोय.

तिसरामजला, १३ मार्च
आधी थर्मामीटर आणा!

मेघना_प, २९ मार्च
उशीर झाला, पण सगळ्यांचे प्रतिसाद छापून आर्किटेक्टकडे घेऊन गेले होते. सुरुवातीला थोडे नाराज झाले. मग सुहासदादांचं आठ इंच सावलीचं गणित त्यांनी स्वतः कागदावर काढून पाहिलं, आणि पुढचे दोन तास आम्ही पश्चिमेवरच बोललो.

नवा आराखडा असा. जिना, खालचं बाथरूम आणि कोठीची खोली पश्चिमेला गेली, म्हणजे ऊन आधी त्यांना लागेल. हॉल दक्षिणेला वळला. वायव्येच्या कोपऱ्यात साडेसहा फुटी पडवी, चिकांसकट, डोंगर तिथून दिसतो. बाबांची आरामखुर्ची तिथेच. प्रत्येक खोलीत झरोका, जिन्याच्या माथ्यावर फॅन. छत सुहासदादा म्हणाले तसंच. आई-बाबांच्या खोलीत एसीची नळी आणि वायर भिंतीत, यंत्र आत्ता नाही. पॅनल पुढच्या वर्षी.

एक गोष्ट अडली. बेडरूमच्या खिडक्यांना बाहेरून लाकडी पट्ट्यांच्या झडपा आणि आतून डासांची जाळी ठरली. काल बाबांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "जाळी आतून पक्की, झडप बाहेर. मग झडप ओढायला हात कुठून घालायचा?" आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

गारवेल, २९ मार्च
बाबांना नमस्कार सांगा! जाळीलाही दारासारखी बिजागरी लावा, आत उघडणारी. आमच्याकडे तशीच आहे. फक्त खिडकीच्या कट्ट्यावर कुंड्या ठेवू नका, नाहीतर रोज त्या उचलाव्या लागतात.

कसबेकर, ३० मार्च
आणि कडी खाली घ्या. सुतार सवयीने खांद्याच्या वर लावतो. म्हाताऱ्या माणसाचा हात खुर्चीत बसून पोचेल एवढ्या उंचीवर लावा, म्हणजे चारला ती ओढायची आठवणही राहील आणि कोणाला हाकही मारावी लागणार नाही.

मेघना_प, ३० मार्च
काका, बाबांना खुर्चीत बसवून टेपने मोजलं. जमिनीपासून साडेतीन फूट. नकाशावर लिहून टाकलंय.